महिला क्लब क्रिकेट: हंगामाचे निकाल आणि खेळाडूंची आकडेवारी (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी परिसर) – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंगाम कुठून कुठपर्यंत धरायचा?

आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदानं पाण्याखाली असतात. खानापूरच्या बाजूला तर ऑक्टोबर उजाडला तरी आउटफिल्ड पाय घालण्यासारखं नसतं. म्हणून एका पावसाळ्याच्या शेवटापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा काळ हा एक हंगाम, आणि तो २०२५-२६ असा जोड वर्षांनी लिहायचा. नुसतं ‘२०२६ चा हंगाम’ लिहिलं की जानेवारीतले सामने एकीकडे आणि नोव्हेंबरचे दुसरीकडे जातात, आणि एकाच मुलीच्या धावा दोन तक्त्यांत विभागल्या जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी आणि पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) परीक्षांमुळे खंड पडतो. तो खंड म्हणजे हंगामाचा शेवट नव्हे. एप्रिल-मेमधल्या स्पर्धा त्याच हंगामात मोडतात.

कोणते सामने आकडेवारीत घ्यायचे?

लेदर बॉल, दोन्ही बाजूंना नेमलेले पंच, आणि चेंडूगणिक लिहिलेलं स्कोअरशीट. या तीन गोष्टी असतील तरच सामना अधिकृत तक्त्यात घ्या. टेनिस बॉलच्या स्पर्धांवर इथल्या लोकांचं प्रेम आहे आणि तिथून मुली घडतातही, पण त्या धावा वेगळ्या वहीत ठेवा. सराव सामनेही वेगळे.

२० षटकांचे आणि ३० किंवा ४० षटकांचे सामने एकत्र करू नका. धावा आणि बळी यांची एकूण बेरीज दाखवायला हरकत नाही, पण स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागे केलेल्या धावा) आणि इकॉनॉमी (गोलंदाजाने षटकामागे दिलेल्या धावा) प्रकारानुसारच दाखवा. चाळीस षटकांत ६० चा स्ट्राइक रेट ठेवून डाव उभा करणारी सलामीची मुलगी वीस षटकांच्या आकड्यांत मिसळली की विनाकारण संथ ठरते.

अजून एक फरक लक्षात ठेवा. महिलांच्या क्रिकेटचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा. बऱ्याच मुली मुलांच्या १४ किंवा १६ वर्षांखालील संघातूनही खेळतात. ते सामने तिच्या नावावर जरूर ठेवा, पण ‘मिश्र/मुलांचा गट’ अशा स्वतंत्र ओळीत.

निकाल कसा लिहावा?

तारीख, मैदान, स्पर्धा, ठरलेली षटकं, नाणेफेक, दोन्ही डाव (धावा/गडी, षटकं), आणि मग निकाल, या क्रमाने. ‘६ गडी राखून विजय’ एवढ्यावर थांबू नका, ‘१४ चेंडू बाकी’ हेही लिहा. धावगती काढताना तेच लागतं.

आपल्याकडे नेहमी येणारी अडचण म्हणजे नऊच मुली घेऊन आलेला संघ. बस चुकते, कुणाचा पेपर असतो, कुणाला घरून पाठवत नाहीत. नऊ जणींचा संघ आठ गडी पडले की सर्वबाद होतो, आणि स्कोअरशीटवर तसंच लिहायचं. असा संघ पाठलाग करताना चार गडी गमावून जिंकला तर तो चार गडी राखून जिंकला, सहा नव्हे, कारण पडायचे गडी चारच उरले होते. शीटच्या शेऱ्यात ‘नऊ खेळाडू’ असं आवर्जून लिहा. नाही तर चार महिन्यांनी बेरीज करणाऱ्याला ती चूक वाटते आणि तो ‘दुरुस्त’ करून टाकतो.

फलंदाजीची सरासरी नक्की कशी काढतात?

एकूण धावा भागिले बाद झालेले डाव. खेळलेले डाव नव्हे. नऊ डावांत तीनदा नाबाद राहून १८६ धावा केल्या, तर १८६ ला ६ ने भागायचं: ३१.००. जिची पाळीच आली नाही तिचा सामना मोजला जातो, डाव नाही. पण मैदानात उतरून एकही चेंडू न खेळता नॉन-स्ट्रायकरला धावबाद झाली, तर तो डावही मोजायचा आणि बादही. हे तिला अन्यायाचं वाटतं, पण नियम तसाच आहे.

‘रिटायर्ड’ झालेली फलंदाज बाद की नाबाद?

सगळ्यात जास्त वाद याच एका नोंदीवरून होतात, म्हणून जरा सविस्तर.

दुखापत, आजारपण किंवा अन्य अटळ कारणाने ती बाहेर गेली तर ‘जखमी निवृत्त’, म्हणजे सरासरीसाठी नाबाद. ती परतली नाही तरी नाबादच. मे २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आयर्लंडविरुद्ध दीप्ती शर्मा आणि पूनम राऊत यांनी ३२० धावांची सलामी दिली. दीप्तीने १८८ केल्या, पूनम १०९ वर जखमी निवृत्त झाली. त्या १०९ धावा पूनमच्या एकूण धावांत मिळाल्या, बाद झालेल्या डावांत मात्र भर पडली नाही.

अशा कारणाशिवाय ती बाहेर गेली आणि परतली नाही तर ‘निवृत्त, बाद’, आणि तो बाद डाव म्हणून धरायचा. गोलंदाजाला मात्र बळी मिळत नाही. मे २०२५ मध्ये बँकॉकच्या टी-२० विश्वचषक पात्रता फेरीत संयुक्त अरब अमिरातीच्या महिलांनी कतारविरुद्ध बिनबाद १९२ असताना, पावसाच्या भीतीने, दहाही फलंदाजांना एकामागून एक निवृत्त केलं, कारण टी-२० मध्ये डाव घोषित करता येत नाही. कतारचा डाव २९ वर आटोपला. सलामीच्या दोघी सोडून उरलेल्या आठ जणींच्या नावावर शून्यावर बाद झाल्याचा एकेक डाव कायमचा लागला.

आपल्या वयोगटाच्या सामन्यांत ‘३० धावा झाल्या की बाहेर’ असा स्थानिक नियम असतो, सगळ्यांना खेळायला मिळावं म्हणून. नियम चांगला आहे. पण अशा मुलीला नाबाद धरायचं की बाद, हे स्पर्धा सुरू होण्यापूर्वी कागदावर ठरवा. आमचं मत नाबादच धरावं असं आहे. चांगली खेळली म्हणून जिला बाहेर बसवलं, तिच्या सरासरीला दंड कशासाठी?

स्ट्राइक रेट काढताना कोणते चेंडू मोजायचे?

वाइड मोजायचा नाही, नो बॉल मोजायचा. मोबाइलच्या स्कोअरिंग अॅपवर नवख्या स्कोअररकडून इथे चूक होत नाही, कारण अॅप स्वतः मोजतं. वहीवर लिहिणाऱ्यांकडून मात्र होते. पडताळा सोपा आहे: सगळ्या फलंदाजांनी खेळलेल्या चेंडूंची बेरीज ही टाकलेले वैध चेंडू अधिक नो बॉल यांच्याइतकीच यायला हवी. बेरीज नेमकी वाइडच्या संख्येएवढी जास्त आली, तर चूक कुठे आहे हे वेगळं शोधावं लागत नाही.

गोलंदाजाच्या नावावर काय लागतं, काय नाही?

एक षटक चेंडूगणिक बघू. पहिल्या चेंडूवर एक धाव. मग वाइड, आणि त्यावर मुली एक धावल्या. मग निर्धाव चेंडू. मग पॅडला लागून चार लेगबाय. मग नो बॉल, त्यावर बॅटने दोन. मग निर्धाव, मग चौकार, मग निर्धाव.

वैध चेंडू सहा. फलकावर १४ धावा वाढल्या: बॅटच्या ७ (१, २, ४), वाइड २, नो बॉल १, लेगबाय ४. गोलंदाजाच्या नावावर १०, कारण फक्त लेगबायच्या चार तिच्या नव्हेत. फलंदाजांनी खेळलेले चेंडू सात, कारण नो बॉल धरला. वाइडच्या धावा दोन असल्या तरी वाइड चेंडू एकच. नव्या स्कोअररला एवढं एक षटक तीनदा लिहायला लावा, अर्धं प्रशिक्षण तिथेच होतं.

उरलेल्या गोष्टी अशा. वाइडवर धावून काढलेल्या सगळ्या धावा वाइडच्याच, म्हणून गोलंदाजाच्या नावावर. नो बॉलवर बाय किंवा लेगबाय निघाल्या तर २०१७ च्या नियमावलीपासून नो बॉलची एक धाव तेवढी गोलंदाजाला लागते, बाकीच्या बाय किंवा लेगबाय म्हणूनच लिहायच्या. जुन्या वळणाचे स्कोअरर अजून सगळ्या तिच्या माथी मारतात. पाच धावांचा दंड कुणाही गोलंदाजाला लागत नाही. बाय-लेगबाय गेल्या तरी षटक निर्धाव राहतं, एक वाइड मात्र ते मोडतो. यष्टीचीत आणि हिट विकेट हे गोलंदाजाचे बळी, वाइडवर यष्टीचीत झाली तरीसुद्धा. धावबाद कुणाचाच नाही.

इकॉनॉमी काढताना ३.४ षटकं म्हणजे ३.४ ने भागणं नव्हे. ते २२ चेंडू आहेत. २२ चेंडूंत २२ धावा दिल्या तर इकॉनॉमी ६.००. कॅल्क्युलेटरवर ३.४ ने भागलं की ६.४७ येते, आणि बिचारी मुलगी यादीत चार जागा खाली जाते.

आमची एक सूचना: प्रत्येक गोलंदाजापुढे वाइड चेंडूंची संख्या स्वतंत्र रकान्यात ठेवा. क्लब पातळीवर निकाल बऱ्याचदा वाइडवर फिरतो, आणि प्रशिक्षकाला इकॉनॉमीपेक्षा त्या एका रकान्यातून जास्त कळतं.

निव्वळ धावगती (नेट रन रेट) दरवेळी वेगळी का येते?

कारण ती (म्हणजे आपली षटकामागची धावगती वजा प्रतिस्पर्ध्यांची) तीन-चार चुकीच्या पद्धतींनी काढली जाते, आणि प्रत्येक पद्धत वरवर बरोबर वाटते. समजा, २० षटकांच्या साखळीत एका संघाचे तीन सामने असे झाले:

पहिला: आपण ६ बाद १२४ (२० षटकं), त्या सर्वबाद ९८ (१७.२).
दुसरा: त्या ८ बाद ११० (२०), आपण ३ बाद १११ (१६.३).
तिसरा: त्या ५ बाद १३१ (२०), आपण सर्वबाद १०४ (१८.४).

नियम असा की सर्वबाद झालेल्या संघाची पूर्ण २० षटकं धरायची. पाठलाग करून जिंकलेल्या संघाची जेवढी खेळली तेवढीच. १६.३ म्हणजे साडेसोळा.

आपल्या धावा १२४ + १११ + १०४ = ३३९. षटकं २० + १६.५ + २० = ५६.५. गती ६.००.
दिलेल्या धावा ९८ + ११० + १३१ = ३३९. षटकं ६०. गती ५.६५.
निव्वळ धावगती +०.३५०.

आता चुका बघा. १६.३ हा दशांश समजून भागलं तर +०.३७१ येते. सर्वबाद डावांची प्रत्यक्ष खेळलेली षटकं धरली तर +०.२३२. आणि प्रत्येक सामन्याची गती वेगळी काढून तिघांची सरासरी घेतली तर +०.३९२. एकाच संघाचे चार आकडे! उपांत्य फेरीची जागा यापेक्षा कमी फरकाने जाऊ शकते. म्हणून नुसता शेवटचा आकडा जाहीर करू नका. गुणतक्त्यात ‘केलेल्या धावा/षटकं’ आणि ‘दिलेल्या धावा/षटकं’ हे दोन रकाने ठेवा, मग कोणीही मोबाइलवर ताडून पाहू शकेल.

पावसाने दोन्ही डाव १५ षटकांचे झाले तर सर्वबाद संघाची १५ धरायची, २० नव्हे. डकवर्थ-लुईस-स्टर्न या पावसाच्या सामन्यांसाठीच्या पद्धतीने लक्ष्य बदललं, तर पहिल्या संघाच्या धावा म्हणून सुधारित लक्ष्यापेक्षा एक कमी एवढ्या धरायच्या, आणि षटकं दुसऱ्या संघाला मिळालेली. निकाल न लागलेला सामना धावगतीत येत नाही, गुण तेवढे वाटले जातात. त्या सामन्यात मुलींनी केलेल्या धावा आणि घेतलेले बळी मात्र त्यांच्या वैयक्तिक आकडेवारीत राहतात. ते काढून टाकण्याची चूक फार होते.

सुपर ओव्हरच्या धावा धरायच्या?

नाही. ना वैयक्तिक आकडेवारीत, ना धावगतीत.

स्कोअरशीट जुळत नाही. कुठे शोधायचं?

मैदान सोडण्यापूर्वी, पंच अजून तिथेच असताना, या क्रमाने ताडा. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर बरोबर एकूण. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय, लेगबाय आणि दंड बरोबर तेच एकूण. गोलंदाजांचे बळी अधिक धावबाद (आणि कुणी निवृत्त बाद झाली असेल तर ती) बरोबर पडलेले गडी. मग चेंडूंचा वर सांगितलेला पडताळा.

एक-दोन धावांचा फरक असेल तर तो बहुतेक वेळा बाय की बॅटची धाव इथे सापडतो, किंवा पंचाचा इशारा स्कोअररपर्यंत पोचलाच नसेल तिथे. इशारा दिसला की स्कोअररने हात वर करून पोच द्यायची आणि पोच मिळेपर्यंत पंचाने खेळ पुढे नेऊ नये. हे काटेकोर पाळलं तर निम्मे घोळ होतच नाहीत. गोलंदाजांच्या बाजूची बेरीज बरोबर आणि फलंदाजांची एकूणही बरोबर, पण दोघींच्या धावा अदलाबदल झाल्याची तक्रार असेल, तर झेलबाद झालेल्या चेंडूंकडे बघा. २०२२ पासून झेल पकडण्याआधी फलंदाजांनी एकमेकींना ओलांडलं असलं तरी नवी फलंदाजच स्ट्राइक घेते, षटक संपलं असेल तेवढाच अपवाद. जुन्या सवयीने लिहिणारा तिथे चुकतो आणि पुढच्या धावा भलतीच्याच नावावर चढतात.

दोन स्कोअरर शेजारीशेजारी बसवा आणि प्रत्येक षटकाअखेर एकाने मोठ्याने वाचावं. एक मराठी बोलणारा, एक कन्नड बोलणारा असला तरी अडत नाही. आकडे आणि खुणा दोघांच्या सारख्याच असतात. नावं मात्र सामन्याआधीच दोघांनी एका यादीवरून उतरवून घ्यावीत.

एकाच मुलीच्या नावाने दोन-तीन खाती दिसतात. असं का?

मुख्य कारण मोबाइल नंबर. स्कोअरिंग अॅपवर खातं नंबराला जोडलेलं असतं, आणि मुलीचा नंबर म्हणून कधी वडिलांचा, कधी भावाचा, कधी प्रशिक्षकाचा दिला जातो. दोन बहिणी एकाच नंबरावर असल्या की दोघींच्या धावा एकीच्या खात्यात जातात. दुसरं कारण इंग्रजी स्पेलिंग: एका स्पर्धेत एक, दुसऱ्या स्पर्धेत दुसरं. आणि तिसरं, लग्नानंतर बदललेलं आडनाव. खेळणं सुरू राहतं, पण आधीच्या सहा हंगामांच्या धावा माहेरच्या नावाखाली पडून राहतात.

उपाय असा: क्लबने प्रत्येक खेळाडूला एक कायमचा क्रमांक द्यावा. तो जर्सीच्या क्रमांकापेक्षा वेगळा असतो आणि क्लब सोडला तरी दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. नाव जन्मदाखल्यावर आहे तसं नोंदवा, आणि बदललं तर दोन्ही नावं त्याच क्रमांकाखाली ठेवा. संघात तीन ‘एस. पाटील’ असणं आपल्याकडे नवलाचं नाही, म्हणून पूर्ण नाव लिहा. जन्मतारीख मात्र क्लबच्या नोंदवहीतच राहू द्या. अल्पवयीन मुलीची जन्मतारीख, नंबर किंवा शाळा सार्वजनिक तक्त्यात कधीही देऊ नका.

‘सर्वोत्तम सरासरी’च्या यादीत किमान अट किती ठेवावी?

मिताली राजची ५०.६८ ही एकदिवसीय सरासरी २३२ सामने आणि ७८०५ धावांवर उभी आहे, म्हणून त्या आकड्याला वजन आहे. आपल्या मुलींना हंगामात जेमतेम आठ-दहा अधिकृत सामने मिळतात. खालच्या क्रमांकावर सहा डावांत पाचदा नाबाद राहून ४४ धावा केलेली मुलगी ४४ च्या सरासरीने यादीत पहिली येते. तिचा दोष नाही, यादीचा आहे. फलंदाजीसाठी किमान पाच डाव आणि १०० धावा, गोलंदाजीसाठी किमान २० षटकं, असं काहीतरी हंगामापूर्वी ठरवा. ठरवल्यावर मधेच बदलू नका, कुणाचीही मुलगी असो. आणि सरासरीच्या शेजारी डावांची संख्या छापाच.

क्षेत्ररक्षण आणि यष्टिरक्षणाची नोंद कशी ठेवायची?

झेल आणि यष्टीचीत नावानिशी. बदली खेळाडूने घेतलेला झेल ‘बदली’ म्हणून लिहा, तिच्या सामन्यांची संख्या वाढवू नका. मॅटिंगवर (चटईच्या खेळपट्टीवर) चेंडू अचानक उसळतो. तिथल्या बायवरून यष्टिरक्षकाची परीक्षा करू नका.

क्लबच्या विक्रमाला पुरावा काय लागतो?

प्रतिस्पर्धी, स्पर्धा, मैदान, तारीख, चेंडू, आणि मूळ शीट. सांगलीच्या स्मृती मानधनाने २०१३ साली वडोदऱ्यात, १९ वर्षांखालील पश्चिम विभागाच्या एकदिवसीय स्पर्धेत, महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ केल्या. हे आज इतक्या नेमकेपणाने सांगता येतं, कारण तेव्हा ते नीट लिहिलं गेलं. ‘अमुक मुलीने एकदा सात विकेट घेतल्या होत्या’ हे सगळ्यांना आठवत असेल, तरी शीट सापडेपर्यंत ते विक्रमांच्या यादीत घेऊ नका.

महाराष्ट्रातल्या चंदगडची मुलगी बेळगावच्या क्लबकडून खेळते. तिचे आकडे कुठे?

क्लबचे आकडे क्लबबरोबर, घर कुठे आहे त्यावर नाही. निवड चाचणीची गोष्ट मात्र वेगळी. बेळगाव जिल्हा कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेच्या धारवाड विभागात येतो. निपाणीहून कोल्हापूर कितीही जवळ असलं तरी ते महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे. कुठल्या संघटनेकडे नोंदणी करायची ते हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या संघटनेकडून लेखी समजून घ्या, दोन्हीकडे अर्ज भरून ठेवू नका. चाचणीला जाताना हंगामाचा एक पानी तक्ता आणि त्यातल्या चार-पाच चांगल्या सामन्यांच्या शीटच्या प्रती बरोबर असू द्या. विजयपूरच्या राजेश्वरी गायकवाडने २०१७ च्या विश्वचषकात न्यूझीलंडचे १५ धावांत ५ बळी घेतले. उत्तर कर्नाटकातून तिथवर वाट आहे, आणि त्या वाटेवर मुलीच्या हातात कागद पक्का असावा.

चूक दिसली तर दुरुस्ती कशी मागायची?

सामना, डाव आणि शक्य असेल तर षटक सांगून कर्णधाराने सात दिवसांत लेखी कळवावं. ‘माझ्या मुलीच्या धावा कमी दाखवल्यात’ एवढ्यावर काही करता येत नाही. दोन्ही संघांच्या वह्या समोर ठेवून तपासायचं. दोन्ही वह्या एकमेकींशी जुळत असतील तर आठवणीवरून बदल नाही. बदल केलाच तर जुना आकडा खोडून टाकू नका. एका रेघेने कापा, शेजारी नवा लिहा, तारीख आणि सही घाला. अॅपवर बदल केला तर तोच बदल त्याच दिवशी वहीतही व्हायला हवा.

स्कोअरबुक किती काळ ठेवायचं?

कायमचं. बॉलपेननेच लिहा, शाईचं किंवा जेल पेन आपल्याकडच्या दमट हवेत फुटतं. सामना संपल्यावर प्रत्येक पानाचा सरळ वरून, सावली न पाडता फोटो घ्या आणि फाइलला तारीख व दोन्ही संघांची नावं द्या. मे महिन्यात वह्या प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा, आणि गणेश चतुर्थीच्या सुमारास एकदा उघडून वारा दाखवा. वही एकाच्या घरी आणि फोटो दुसऱ्याच्या फोनवर असावेत.